पाळकाची प्रश्नवही : सेवेत असताना शिकत राहण्याची रीत

भाचीच्या लग्नाला आलेल्या एक मावशी रविवारची भक्ती सुटल्यावर चर्चच्या दारात थांबल्या. माझ्या आधीच्या मंडळीतल्या, म्हणजे मी पूर्वी जिथं पाळक होतो त्या चर्चच्या. हात हातात घेऊन हसत म्हणाल्या, "पाळकसाहेब, संदेश छान झाला. आमच्याकडं दिलात तेव्हाही छानच झाला होता. पण पाहुण्याला शिळं वाढलंत की ओ!"

घरी जाऊन फाइल काढली. तो संदेश, म्हणजे रविवारचं प्रवचन, मी तीन गावांत मिळून चार वेळा दिला होता. दृष्टान्त तोच, विनोदाची जागाही तीच. फरक एवढाच की पहिल्या कागदाच्या समासात पेन्सिलीनं दोन प्रश्न लिहिलेले होते, पुढच्या तीन प्रतींवर एकही नव्हता. सेवेला तेव्हा बारा वर्षं झाली होती.

सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या महाविद्यालयात, असताना परीक्षा होती, म्हणून वाचत होतो. पाळकपदाची दीक्षा झाली आणि विचारणारं कुणी उरलं नाही. पाळकाला उलट प्रश्न करणं मंडळीला उद्धटपणाचं वाटतं, आणि "मला माहीत नाही" म्हणणं पाळकाला कमीपणाचं. दोघं मिळून एकमेकांचं शिकणं बंद पाडतात. म्हणून पुस्तकांची यादी करण्याआधी प्रश्न विचारण्याची वाट मोकळी करावी लागते. खालची रीत मी त्या मावशींनंतरच्या दहा वर्षांत चुकतमाकत बसवली. ती पाळकांसाठी आहेच, पण पंच, संडे स्कूलच्या शिक्षिका, तरुण संघ चालवणारी मुलं, फादर आणि सिस्टर यांनाही चालेल.

पहिली पायरी : वही

दोनशे पानी, चांगल्या बांधणीची वही आणा. उजव्या पानावर प्रश्न लिहायचा, विचारणाऱ्याच्याच शब्दांत. डावं पान कोरं ठेवायचं. तारीख टाका, नाव टाकू नका. पाळकाच्या टेबलाशी दिवसभर माणसं येत-जात असतात. एकाचं दुखणं दुसऱ्यानं वाचलं तर पुन्हा कुणी तोंड उघडणार नाही.

प्रश्न सुधारून लिहायचा मोह आवरा. बारावी सायन्सच्या मुलीनं विचारलं, "नोहाच्या तारवात डायनासोर होते का?" ते तसंच लिहा. 'उत्पत्तीचं पुस्तक आणि विज्ञान यांचा संबंध' असं लिहिलंत की प्रश्न मेला आणि विषय उरला. पुण्यात नोकरी करणाऱ्या पोरानं विचारलं, "चॅटजीपीटीनं लिहिलेली प्रार्थना देवाला चालते का?" एका आजींनी ओट्यावर बसून विचारलं, "आमचे मालक बाप्तिस्मा न घेता गेले. आता कुठं असतील?"

पहिल्या महिन्यात माझ्याकडे अकरा प्रश्न जमले आणि त्यातल्या नवांची धड उत्तरं मला येत नव्हती. हे लाजिरवाणं वाटलं, पण बरं झालं. आठवडाअखेर वही उघडून प्रत्येक प्रश्नापुढे एक खूण करा : हा माहितीचा आहे की दुखण्याचा? माहितीच्या प्रश्नाला तारीख द्या, "पुढच्या बुधवारच्या प्रार्थनासभेनंतर सांगतो" असं म्हणा आणि बुधवारी खरंच सांगा. दोनदा शब्द पाळलात की प्रश्न आपोआप वाढतात. दुखण्याच्या प्रश्नाला पुस्तकाआधी माणूस लागतो. तिथं घाईनं उत्तर दिलंत तर ते तोंडावर दार लावल्यासारखं होतं.

काही प्रश्न दोन्ही असतात. कॉलेजला जाणारी मुलं दर जून महिन्यात विचारतात, "आपल्याला एससीचा दाखला का मिळत नाही?" मी कित्येक वर्षं यावर ऐकीव उत्तर देत होतो. मग मूळ कागद वाचला. १९५० चा अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश. त्याचा तिसरा परिच्छेद. त्यात आधी हिंदूंचा आणि पंजाबकडच्या चार शीख जातींचाच समावेश होता, १९५६ ला बाकीचे शीख आणि १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती आले नाहीत. परिच्छेद दोन-चार ओळींचा आहे, वाचायला पाच मिनिटं लागतात. आपल्या मंडळ्यांतल्या निम्म्याहून अधिक घरांच्या जिव्हाळ्याची गोष्ट, आणि ती पाच मिनिटं मला बारा वर्षांत मिळाली नव्हती. तेव्हापासून नियम केला : ज्या कागदाबद्दल बोलायचं तो कागद आधी स्वतः वाचायचा.

दुसरी पायरी : वेळ

इथं फार बोलण्यासारखं काही नाही. मंगळवार ते शुक्रवार, रोज ४५ मिनिटं. फोन दुसऱ्या खोलीत. चर्चच्या सेक्रेटरीला आणि घरच्यांना सांगून ठेवा की मयत आणि दवाखाना सोडून कशालाही उठवू नका. रविवारच्या संदेशाची तयारी या वेळात धरायची नाही. संदेशासाठी वाचताना आपण भाजी निवडत असतो, शेत नांगरत नसतो.

हिशेब करून पाहा. आठवड्याला तीन तास, वर्षाचे ४८ आठवडे धरले तर १४४ तास. जड पुस्तकाची तासाला दहा-बारा पानं होतात. म्हणजे वर्षाकाठी दीड हजार पानं, पाच जाडजूड ग्रंथ. दहा वर्षांत पन्नास. नाताळ, लेंट (पुनरुत्थानाच्या सणाआधीचा उपवासकाळ), पुनरुत्थानाचा आठवडा आणि लग्नसराईत हे कोलमडतं. माझं दरवर्षी कोलमडतं. पुढच्या मंगळवारी पुन्हा बसायचं, राहिलेलं भरून काढायचा हट्ट करायचा नाही.

तिसरी पायरी : पवित्र शास्त्राचं एक पुस्तक, एक वर्ष

सगळं पवित्र शास्त्र वर्षात वाचून काढणं भक्तीसाठी चांगलं. अभ्यासासाठी एकच पुस्तक घ्या आणि त्यात मुक्काम करा. मी एका वर्षी स्तोत्रसंहितेचा पहिला भाग घेतला आणि तेविसाव्या स्तोत्राच्या चौथ्या वचनावर सहा आठवडे अडकून बसलो. ते कसं झालं हे जरा तपशिलात सांगतो, कारण रीत त्यातच आहे.

हे वचन आपण मयताच्या भक्तीत वाचतो. 'मृत्युच्छायेच्या दरीतून' म्हटलं की समोर शवपेटी येते. इंग्रजी शब्दसूचीत मूळ हिब्रू शब्दांना क्रमांक दिलेले असतात, मोबाइलवरच्या फुकट ॲपमध्येही ते दिसतात. 'मृत्युच्छाया' या शब्दाचा क्रमांक ६७५७, मूळ शब्द 'त्साल्मावेत'. त्या क्रमांकावरून हा शब्द आणखी कुठं कुठं येतो ते काढलं. ईयोबाच्या पुस्तकात तो पुष्कळ वेळा येतो. ईयोब २८:३ मध्ये खाणीत उतरलेला माणूस ज्या काळोखात दगड शोधतो तो काळोख म्हणजे हाच शब्द. ईयोब २४:१७ मध्ये चोरांना सकाळ जशी वाटते ती हीच. आमोस ५:८ मध्ये देव याच शब्दाची पहाट करतो. म्हणजे हा शब्द मरणापुरता नाही, गडद अंधाराचा आहे. अनेक अभ्यासक 'गडद अंधार' हाच अर्थ घेतात. जुनं भाषांतर चुकलं असंही म्हणता येत नाही. शब्दाची फोड 'छाया' आणि 'मरण' अशी फार पूर्वीपासून केली जाते, ग्रीक भाषांतरातही ती आहे आणि मत्तयाच्या चौथ्या अध्यायात तीच उतरली आहे. दोन्ही अर्थ डाव्या पानावर लिहिले. त्या महिन्यात कर्जानं पिचलेल्या एका घरी हे स्तोत्र वाचलं. घरात मयत नव्हतं, पण वचन तिथं चपखल बसलं.

मग पुढचे शब्द : 'तुझी आकडी व तुझी काठी'. मी वीस वर्षं सांगत आलो होतो की भरकटलेल्या मेंढराच्या मानेत आकडी अडकवून मेंढपाळ त्याला ओढून आणतो. पापी माणूस, ओढणारा देव. संदेश जमून जायचा. दिवाळीनंतर गावाबाहेरच्या रानात धनगरांनी मेंढ्या बसवल्या होत्या. संध्याकाळी जाऊन एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं. ते आधी हसलेच.

"आकडी व्हय? बाभळीचं डहाळं खाली वढायला. आकडी हातात दिसली की मेंढरं पळत येत्यात, पाला मिळनार म्हनून. काठी लांडग्याला. मेंढराला कोन मारतंय?"

त्या रात्री झोप आली नाही, खरंच. आकडी म्हणजे शिक्षा नव्हे, चारा! नवा संदेश मनात तयार झाला. पण सकाळी पुन्हा शब्दसूची उघडली आणि उत्साहाला लगाम बसला. हिब्रूत पहिला शब्द 'शेवेट' आहे. त्याचा अर्थ सोटा. राजदंडालाही तोच शब्द. त्यात आकडा कुठंच नाही, आकडी आपल्या भाषांतरकारांची. दुसरा शब्द 'मिशएनेत', म्हणजे टेकायची काठी. जखऱ्या ८:४ मध्ये यरुशलेमच्या रस्त्यांवर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या हातात वयामुळे जी काठी आहे, ती हीच. तेव्हा बाबांचं म्हणणं मराठी शब्दाबद्दल शंभर टक्के खरं आणि दाविदाच्या रानाबद्दल ते पुरावा होत नाही. रविवारी मी दोन्ही सांगितलं, माझं वीस वर्षांचं चुकलं होतं तेही सांगितलं. भक्तीनंतर दोन शेतकरी आकडीवर वाद घालत उभे राहिले. माझ्या कुठल्याही संदेशानंतर असं आधी घडलं नव्हतं.

तुम्हाला हे करायचं असेल तर असं करा. वचन हातानं लिहून काढा. ज्या शब्दावरून आपण वर्षानुवर्षं सहज पुढे गेलो त्याखाली रेघ मारा. दोन-तीन मराठी भाषांतरं शेजारी ठेवा : मंडळीत चालणारं पवित्र शास्त्र, पंडिता रमाबाईंचं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल. जिथं तिघं वेगवेगळं बोलतात तिथं थांबा. क्रमांकावरून तो शब्द इतरत्र शोधा. त्या कामातल्या माणसाला विचारा. जाळ्याबद्दल कोळ्याला, खमिराबद्दल बेकरीवाल्याला, दाखमळ्याबद्दल नाशिकच्या बागाइतदाराला. एक पान लिहा आणि संदेशात वापरण्याआधी आठवडाभर झाकून ठेवा. आठवड्यानंतर निम्मं खोडावं लागतं.

एक पथ्य. हे सगळं संदेशात ओतू नका. हिब्रू शब्द कढईसारखा असतो. त्याशिवाय स्वयंपाक होत नाही, पण पंगतीत कढई कुणी आणत नाही.

"आता या वयात हिब्रू?" असं विचारणाऱ्यांना मी रमाबाईंचं सांगतो. संस्कृतच्या पंडिता, केडगावच्या मुक्ती मिशनचा शेकडो बायकामुलींचा संसार अंगावर, आणि चाळिशी उलटल्यावर मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर एकहाती अंगावर घेतलं, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत. १९२२ मध्ये जाण्याआधी ते पुरं केलं. छापून आलं १९२४ ला, मुक्तीच्याच छापखान्यात. फादर स्टीफन्स इंग्लंडातून १५७९ मध्ये गोव्यात आले, इथली भाषा शिकले, आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापून निघालं तेव्हा त्यांचं वय सत्तरीकडे झुकलं होतं. आपल्याला तर फक्त बावीस अक्षरं ओळखायची आहेत. रोज दोन केली तर पंधरवड्याचं काम.

चौथी पायरी : कुंपणाबाहेरचं वाचन

तीन महिन्यांत एक पुस्तक असं वाचा ज्याचा धर्मज्ञानाशी वरवर संबंध नाही. मातीचं आरोग्य, संविधान, मेंदूचे आजार, ऊसदराचं राजकारण, काहीही. मंडळीतला माणूस सोमवार ते शनिवार ज्या जगात असतो ते जग आपल्याला नीट माहीत नसतं, आणि रविवारी त्याच जगाबद्दल आपण ठासून बोलतो.

संतवाङ्मयाबद्दल काही पाळक बिचकतात. मला ते पटत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. त्यांची भजनं आपण दर रविवारी 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातून गातो. मग तो पूल एकदा पाहून यायला काय हरकत आहे? गाथेतले रोज दोन अभंग, एवढंच. माझ्या संदेशांची मराठी त्यानं सुधारली हे मंडळीच सांगते. आणि टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकल्या, पुढे टिळकांचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तायन त्यांनी पुरं केलं. पाळकबाईंनी फक्त महिला मंडळाचा चहा बघावा असं ज्यांना वाटतं त्यांनी यावर जरूर विचार करावा.

मोबाइलवर विचारलं की क्षणात उत्तर मिळतं. वापरा, पण दिलेलं वचन उघडून पाहिल्याशिवाय बोलू नका. मला एकदा असं वचन मिळालं होतं की त्या अध्यायात तेवढी वचनंच नव्हती. शनिवारी रात्री कळलं म्हणून वाचलो.

पाचवी पायरी : बरोबरीची माणसं

एकट्याचा अभ्यास सहा महिन्यांत सुकतो. चार ते सहा जणांचा गट करा आणि सगळे आपल्याच पंथाचे घेऊ नका. आमच्यात दोन सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे) पाळक, एक स्वतंत्र मंडळीचा तरुण पास्टर, एक कॅथलिक फादर आणि एक निवृत्त शिक्षिका आहेत. महिन्यातून एक सोमवार, अडीच तास.

नियम थोडे पण कडक. प्रार्थना दोन मिनिटं. पाळक एकत्र आले की प्रार्थनेतच संदेश होतो. एकानं वीस मिनिटं मांडायचं, वहीतल्या प्रश्नावर. नंतरचा पाऊण तास त्यानं उत्तरं द्यायची नाहीत, फक्त ऐकायचं आणि लिहायचं. बदल्या, बिशपसाहेब आणि ट्रस्टच्या मिळकती हे विषय चहापर्यंत बंद. हा शेवटचा नियम आम्ही तिसऱ्या बैठकीत केला, का ते सांगायला नको.

फादरांकडून कळलं की त्यांच्या धर्मसंहितेत दीक्षेनंतरही अभ्यास चालू ठेवण्याचं कलमच आहे, २७९ वं. आमच्याकडे अशी सक्ती नाही म्हणून मी फुशारकी मारली, तर शिक्षिकाबाई म्हणाल्या, "सक्ती नाही, आणि अभ्यासही नाही."

या बाईंकडे माझं आणखी एक काम असतं. महिन्यातून एकदा त्या माझा संदेश ऐकतात आणि कागदावर तीन गोष्टी लिहून देतात : काय कळलं नाही, कुठं लक्ष उडालं, कोणतं विधान आधाराशिवाय केलं. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात अपुल्लोस जोरदार बोलत होता, पण त्याला योहानाच्या बाप्तिस्म्यापलीकडचं माहीत नव्हतं. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी त्याला घरी नेऊन नीट समजावलं, सभेत नाही. तुमची प्रिस्किल्ला शोधा. बहुतेक ती तिसऱ्या बाकावर बसलेली असते आणि तिला आजवर कुणी विचारलेलं नसतं.

सहावी पायरी : अभ्यासक्रम, झेपेल तर

सेरामपूर सिनेटचे (धर्मज्ञानाच्या पदव्या देणाऱ्या संस्थेचे) ख्रिस्ती अभ्यासाचे बहिस्थ अभ्यासक्रम नोकरी-सेवा सांभाळून करता येतात. पंचांपैकी कुणाला गोडी असेल तर त्यांनीही करावेत. समुपदेशन किंवा समाजकार्य शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू यांची माहितीपत्रकं पाहा. पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आणि ज्ञानदीप (पूर्वीचं ज्ञानदीप विद्यापीठ) यांसारख्या संस्था आहेत. तिथल्या ग्रंथालयात बाहेरच्यांना बसता येईल का ते जाऊन विचारा. विचारायला लाजू नका.

पैसे भरून, शाल पांघरून मिळणाऱ्या मानद डॉक्टरेटपासून मात्र लांब राहा. नावाआधी 'डॉ.' लागलं की माणूस प्रश्न विचारायचा थांबतो हे मी जवळून पाहिलंय.

सातवी पायरी : मंडळीच्या वहीखात्यात

वार्षिक अंदाजपत्रकात 'पाळकाची पुस्तकं व अभ्यास' असा वेगळा रकाना मागा. महिना पाचशे रुपये पुरतात. पंच विचारणारच, "पगार देतो ना?" तेव्हा शांतपणे सांगा : पुस्तकं मंडळीच्या कपाटात राहतील, बदली झाली की मी ती नेणार नाही. आमच्याकडे या एका वाक्यावर ठराव पास झाला. त्या कपाटाला कुलूप लावू नका. काही पुस्तकं जातील. जाऊ द्या, ती वाचली तरी जातील.

महिन्यातल्या एका रविवारी भक्तीनंतर वीस मिनिटं प्रश्नांसाठी ठेवा. पहिले दोन-तीन रविवार कुणी बोलणार नाही. तेव्हा वहीतला जुना प्रश्न तुम्हीच वाचून दाखवा, नाव न घेता.

वर्षाच्या शेवटी

एकतीस डिसेंबरच्या रात्रीच्या भक्तीआधी अर्धा तास काढून वही पहिल्यापासून चाळा. कुठली डावी पानं भरली, कुठली कोरी राहिली, कुठं लिहिलेलं आता पटत नाही. खोडू नका, शेजारी नव्या तारखेनं लिहा. कोऱ्या पानांवरून पुढच्या वर्षाचं पुस्तक आणि गटातला विषय ठरतो, यादी करत बसावं लागत नाही.

माझी आता चौथी वही चालू आहे. डायनासोरांचं पान भरलंय, त्या मुलीनंच निम्मं भरलं. ती सध्या भूशास्त्र शिकते. ओट्यावरच्या आजींच्या प्रश्नासमोरचं डावं पान मी पहिल्या वहीत तसंच ठेवलं. तिथं उत्तर नाही. त्यांच्याकडे जाऊन बसलो त्या दिवसांच्या तारखा आहेत, एकाखाली एक, त्या गेल्या त्या आठवड्यापर्यंतच्या.